दहा लाखांत चार चुका

आमच्या डिजिटल कम्युनिकेशनच्या लॅबमध्ये एका पॅच कॉर्डला लाल टेप गुंडाळलेली होती. आतून कुठंतरी तुटलेली वायर. धरून ठेवली की चालायची, सोडली की सिग्नल गुल. कुणी चुकून उचलू नये म्हणून आमचे लॅब असिस्टंट मामा (सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणतं, प्राचार्यसुद्धा) यांनी तिला टेप लावून ड्रॉवरच्या तळाशी टाकून दिलं होतं. फेकून का दिली नाही, असं विचारलं तर म्हणाले, "मॅडम, रजिस्टरला नोंद आहे."

मी शिकवायला लागले तेव्हा लॅबमध्ये ट्रेनर किट नऊ होते आणि चालू पाच. बीपीएसकेचं (शून्य आणि एक हे लहरीची फेज उलटवून पाठवायची पद्धत) प्रॅक्टिकल म्हणजे काय, तर किट ऑन करा, आठ स्विचवरून बिट पॅटर्न द्या, सीआरओच्या (लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) एका चॅनलवर डेटा लावा, दुसऱ्यावर मॉड्युलेटेड वेव्ह. शून्याचा एक होतो तिथं फेज उलटलेली पाहा, पलीकडून तोच डेटा परत आला की ग्राफ पेपरवर काढा. खरं सांगायचं तर ग्राफ आधीच काढलेला असायचा, सीनियरच्या फाईलवरून. सीआरओ लावायचा तो मॅडमची सही घेण्यापुरता.

एका वर्षी टीईच्या (तिसऱ्या वर्षाच्या) एका मुलानं सही घेता घेता विचारलं, "मॅडम, हे कधी चुकतच नाही. मग रिसीव्हरमध्ये एवढं गणित कशाला घालायचं?"

मी तोंडावर आलेलं उत्तर दिलं, नॉइजसाठी. त्यानं किटकडे पाहिलं, दोन वीतभर वायरींकडे पाहिलं आणि म्हणाला, "कुठाय नॉइज?"

त्याचं बरोबर होतं. क्लॉड शॅननचा १९४८चा पेपर ज्या प्रश्नावर उभा आहे तो हाच, की गोंगाटातून किती वेगानं बिनचूक सांगता येईल. त्या गोंगाटाचा आमच्या किटवर पत्ताच नव्हता. चार महिने आम्ही मुलांना 'प्रोबॅबिलिटी ऑफ एरर'चं सूत्र घोकायला लावत होतो आणि लॅबमध्ये एक बिटसुद्धा चुकत नव्हता.

तेव्हा मी सिम्युलेशनकडे, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकलेकडे वळले. मॅटलॅब या सॉफ्टवेअरचं लायसन्स मागितलं तर 'पुढच्या बजेटमध्ये बघू' हे ठरलेलं उत्तर आलं. तसंच सायलॅब फुकट होतं. आयआयटी मुंबईच्या फॉसी या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पानं ते कॉलेजांपर्यंत पोचवलं होतं आणि त्यांची स्पोकन ट्यूटोरियल्स मराठीतही होती. आमच्या मुलांना त्याचा फार उपयोग झाला. कोडमध्ये सेमीकोलन राहिला तर काय होतं, हे मराठीतून ऐकलं की कपाळावरची आठी जाते.

पहिलं वर्ष मात्र मी वाया घालवलं. अख्खा कोड तयार करून पेन ड्राइव्हवर दिला. मुलांनी तो उघडला, रन केला. पडद्यावर तो प्रसिद्ध वक्र आला: आडव्या अक्षावर सिग्नलची नॉइजच्या तुलनेतली ताकद डीबी या मापात, उभ्यावर बिट एरर रेट (बीईआर), म्हणजे चुकलेल्या बिटांचं प्रमाण, आणि धबधब्यासारखी खाली कोसळणारी रेघ. प्रिंट काढल्या, जर्नलला चिकटवल्या. दोन तासांचं प्रॅक्टिकल वीस मिनिटांत संपलं. मामा दारात उभे होते. म्हणाले, "मॅडम, किटला निदान वायरी तरी जोडायला लागायच्या."

त्याच वर्षी आणखी एक घोळ झाला, आणि तो पूर्ण माझा. जर्नल तपासताना दिसलं की वीसच्या वीस मुलांचे आकडे तंतोतंत सारखे, दशांशानंतरच्या पाचव्या घरापर्यंत. नॉइज तर यादृच्छिक, मग आकडे सारखे कसे? मी वर्गात सगळ्यांना झापलं. एकानं केलं आणि बाकीच्यांनी छापलं, असं म्हणून वीसही जर्नल परत दिली. दुसऱ्या दिवशी एक मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. घरी भावाच्या कॉम्प्युटरवर तिनं तीनदा सायलॅब बंद करून उघडलं होतं आणि तिन्ही वेळा तेच आकडे आले होते. "मॅडम, नॉइज रोज तोच येतो."

सायलॅबचं रँड फंक्शन दर वेळी शून्य या सीडपासूनच (सुरुवातीच्या आकड्यापासून) सुरू होतं, म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरवर 'यादृच्छिक' आकड्यांची माळ एकच. हे मला माहीत असायला हवं होतं. वर्गात जाऊन सगळ्यांची माफी मागितली. मुलांना त्या दिवशी फार मजा आली. त्यानंतर नियम केला: आपला रोल नंबर हाच आपला सीड. प्रत्येकाचा नॉइज वेगळा आणि तरीही मला घरी बसून कुणाचाही आकडा पुन्हा काढून बघता येतो. कॉपी आपोआप बंद झाली. याचं श्रेय अर्थातच त्या मुलीचं.

दुसऱ्या वर्षी कोड द्यायचं बंद केलं. अर्धवट सांगाडा द्यायचा आणि नॉइजची, तुलनेची, मोजणीची ओळ मोकळी ठेवायची. शिवाय जर्नलच्या पानावर डावीकडे एक रकाना आखायला लावला. रन करण्याआधी तिथं पेन्सिलनं आपला अंदाज लिहायचा. अंदाज चुकला तर मार्क जात नाहीत. अंदाज का चुकला हे लिहिलं नाही तर जातात. कोर्स आउटकमच्या फाईलमध्ये हा रकाना कुठं बसवायचा हे मला अजून जमलेलं नाही, पण ते असू दे.

या रकान्यानं जे घडवलं त्यातला एक तास मला आजही जसाच्या तसा आठवतो.

बीपीएसके, साधा गॉसियन (प्रत्येक बिटावर स्वतंत्रपणे पडणारा यादृच्छिक) नॉइज. सूत्रावरून सगळ्यांनी अपेक्षित आकडे काढले होते. शून्य डीबीला हजार बिटांत साधारण ७९ चुकणार. ४ डीबीला हजारांत बारा-तेरा. ८ डीबीला लाखात १९. १० डीबीला दहा लाखांत जेमतेम चार. प्रत्येकानं एक लाख बिट पाठवायचे होते, कारण त्याहून जास्त घेतले की आमचे जुने कॉम्प्युटर हँग व्हायचे. ८ डीबीपर्यंत सगळं सुरळीत. कुणाला १७, कुणाला २३. १० डीबीला मात्र तेरा जणांना शून्य चुका मिळाल्या, सहा जणांना एक आणि एकीला दोन.

लॉग अक्षावर (जिथं दर पायरी दहापटीची असते) शून्याला जागाच नाही, त्यामुळे तेरा जणांचे ग्राफ शेवटच्या टोकाला तुटले. "मॅडम, कोड बंद पडला." दुसऱ्या बाजूनं आवाज, "आमचा चॅनल भारी आहे, एरर फ्री!" ज्या मुलीला दोन चुका आल्या ती रडकुंडीला आलेली, कारण सूत्राप्रमाणे तिला ०.४ यायला हव्यात आणि आल्या त्याच्या पाचपट.

मी काहीच सांगितलं नाही. फळ्यावर रोल नंबर २१ ते ४० लिहिले आणि प्रत्येकाला आपला आकडा लिहायला बोलावलं. बेरीज केली: आठ. एकूण बिट वीस लाख. म्हणजे दहा लाखांत चार.

दहाएक सेकंद कुणी बोललं नाही. मग मागून प्रश्न आला, "म्हणजे मॅडम, तेरा जण पण चूक नाहीत आणि ती पण चूक नाही?" मी म्हटलं, लाख बिटांत हा प्रश्न विचारायचाच नसतो. चुकांचा दर विश्वासानं सांगायचा असेल तर शंभरेक चुका तरी मोजलेल्या हव्यात. तेव्हा कुठं आकडा दहा टक्क्यांच्या आसपास स्थिर होतो. १० डीबीला शंभर चुका गोळा करायच्या तर अडीच कोटी बिट लागतील. त्यानंतर 'शून्य चुका आल्या' असं कुणी म्हटलं की दुसरा लगेच विचारायचा, "किती बिटांत?" हे मी शिकवलेलं नाही, त्या फळ्यानं शिकवलं.

नॉइजच्या ओळीत अर्ध्या वर्गाचा वक्र सूत्राच्या रेघेपासून बरोबर तीन डीबी उजवीकडे सरकतो, हेही दर वर्षीचं. व्हेरिअन्स (नॉइजची ताकद) सूत्रातल्या एन झिरोच्या निम्मा घ्यायचा असतो, मुलं पूर्ण घेतात. तीन डीबी म्हणजे दुप्पट, म्हणून आता तर तीन डीबी म्हटलं की मुलंच म्हणतात, दोनची भानगड आहे. पुढे जाऊ.

पल्स शेपिंगचं, म्हणजे बिटाच्या लहरीला आकार देण्याचं प्रॅक्टिकल त्याहून गमतीचं. चौकोनी पल्सऐवजी गोलाईदार रेज्ड कोसाइन, सेंडरला एक फिल्टर आणि रिसीव्हरला एक. एका मुलाचा बीईआर येत होता ०.४९८. सिग्नल वाढवला तरी ०.५०१. शेवटी वैतागून त्यानं नॉइज पूर्ण काढून टाकला, तरीही निम्मे बिट चूक. नॉइजच नाही आणि निम्मं चुकतंय, म्हणजे कॉम्प्युटर बिघडला असं त्याचं पक्कं मत झालं.

निम्मं चूक म्हणजे नाणं उडवून उत्तर देणं. रिसीव्हरला काहीच कळत नाहीये. मी त्याला विचारलं, स्कॉलरशिपच्या परीक्षेत ओएमआर शीटवर एक ओळ सोडून गोळे काळे केले तर काय होईल? तो हसायला लागला. त्याच्या शाळेत एकानं तसं केलं होतं म्हणे. इथंही तेच. प्रत्येक फिल्टरची लांबी दहा सिम्बॉल (इथं एक सिम्बॉल म्हणजे एक बिट), म्हणजे प्रत्येक फिल्टर पाच सिम्बॉल उशीर करतो आणि दोन्ही मिळून दहा. उत्तरं सगळी बरोबर होती, दहा ओळी खाली सरकलेली. त्यानं सुरुवातीचे दहा काढून टाकले आणि चुका शून्यावर आल्या. लगेच त्यानं स्वतःच विचारलं, "पण मॅडम, खऱ्या रिसीव्हरला हे दहा कुठून कळणार?"

मला हवा होता तो प्रश्न हाच, आणि सिम्युलेशनमधली खरी खोट इथंच आहे. सेंडर आणि रिसीव्हर एकाच प्रोग्रॅममध्ये राहतात. रिसीव्हरला पाठवलेले बिट माहीत, सुरुवात कुठं ते माहीत, फेज माहीत, घड्याळ तर दोघांचं एकच. शेजारच्याच्या पेपरात बघून लिहिणाऱ्या पोरासारखं त्याला सगळं येतं आणि काहीच येत नाही.

म्हणून तिसऱ्या वर्षी मी मध्ये भिंत घातली. दोन-दोन मुलांची जोडी. एका जोडीनं फक्त सेंडर लिहायचा, शेवटी सॅम्पलची (लहरीच्या क्षणोक्षणीच्या आकड्यांची) एक फाईल तयार करायची आणि पेन ड्राइव्हनं दुसऱ्या जोडीला द्यायची. दुसऱ्या जोडीनं त्यातून मजकूर काढायचा. दोघांत आधी ठरवायचं ते एवढंच: मॉड्युलेशन कोणतं, एका सिम्बॉलला सॅम्पल किती आणि सुरुवातीला तेरा चिन्हांचा बार्कर कोड, म्हणजे सुरुवात ओळखायची ठरलेली खूण. एव्हाना आम्ही पायथनवर आलो होतो.

पोरं ती पोरं. एका सेंडर जोडीनं फाईलच्या सुरुवातीला नुसत्या नॉइजची शेपटी जोडली, किती लांब ते सांगितलं नाही, वर सगळ्या सॅम्पलना उणे एकनं गुणलं. खोडी म्हणून. पलीकडच्या जोडीनं बार्करशी कोरिलेशन (किती जुळतं याचं माप) काढलं. बार्कर कोडची खासियत ही की तो स्वतःशी नेमका जुळला तर १३ येतात आणि जरा सरकला की एकाच्या वर जात नाही. त्यामुळे नॉइजमधूनही सुरुवात सुळक्यासारखी उठून दिसते. यांना सुळका दिसला, पण खाली डोकं केलेला, उणे तेराच्या आसपास. एकानं ते दुर्लक्षून डिकोड केलं. मजकूर म्हणून कचरा आला. मूळ बिटांशी ताडून पाहिलं तर जवळजवळ सगळेच बिट चूक. तो म्हणाला, "नापास." त्याची जोडीदार पडद्याकडे बघत म्हणाली, "अरे, सगळेच चूक कसे येतील? इतकं चुकायला पण अक्कल लागते. उलटं कर."

उलटं केलं आणि फाईलमधून "मामा चहा आणा" असं वाक्य बाहेर आलं. मामांनी त्या दिवशी खरंच चहा आणला, स्वतःच्या पैशानं.

फेज १८० अंशांनी उलटी लॉक होणं हा खऱ्या रिसीव्हरचा नेहमीचा ताप आहे. डिफरेन्शियल एन्कोडिंग (बिटाऐवजी आधीच्यापासूनचा बदल पाठवणं) त्यासाठी असतं हे पुस्तकात दोन ओळींत असतं आणि कुणाला आठवत नाही. त्या बॅचला मात्र ओरलला विचारायचीच गरज पडली नाही.

फाईलनंतर पुढची पायरी हवेची. वायरलेस पाठवायचं तर लायसन्सची भानगड, म्हणून आम्ही आवाज वापरला: एका लॅपटॉपचा स्पीकर, दुसऱ्याचा माइक, मध्ये दोन बाक. जुन्या मोडेमचे दोन सूर घेतले, १२०० आणि २२०० हर्ट्झ. वेग सेकंदाला १२०० बिट. हेडफोनच्या वायरनं जोडलं तर झकास चाललं. वायर काढून हवेत सोडलं तर पूर्ण बोंब. मामांनी पंखे बंद केले, तरी बोंबच.

मुलांना वाटलं आवाज कमी पडतोय. वाढवला, तर प्रकरण आणखी चिघळलं, शिवाय शेजारच्या लॅबमधून तक्रार आली. दोष नॉइजचा नव्हताच. दोष भिंतीचा होता. भिंतीवरून येणाऱ्या आवाजाला साधारण साडेतीन मीटर जादा चालावं लागत होतं, आवाजाच्या वेगानं दहा मिलिसेकंद. एक बिट संपतो एका मिलिसेकंदाच्या आत. म्हणजे आत्ताच्या बिटावर बारा बिट आधीचा प्रतिध्वनी येऊन बसणार, आणि आवाज जितका वाढवाल तितका तोही मोठा. हे गणित मुलांनी टेप लावून, खोली मोजून केलं. मग वेग सेकंदाला ५० बिटांवर आणला. आता एक बिट वीस मिलिसेकंदांचा, प्रतिध्वनी त्याच्याच पोटात जिरतो. कॉलेजचं नाव पलीकडे पोचायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागलं, पण अक्षर न अक्षर बरोबर आलं, आणि तेही पंखे चालू ठेवून.

सिम्युलेशनमध्ये इंटरसिम्बॉल इंटरफिअरन्स (एक बिट दुसऱ्यावर सांडणं) म्हणजे मिटत जाणारा आय डायग्राम, सिग्नलच्या रेघा एकमेकींवर काढून पडद्यावर दिसणारा डोळा. इथं तो भिंतीवर आपटून येताना कानांनी ऐकू येत होता. तरीही मी म्हणेन की आधी सिम्युलेशन केलेलं नसतं तर मुलांनी नुसता स्पीकर बदलला असता. कुठं बघायचं हे त्यांना पडद्यावरच्या त्या मिटणाऱ्या डोळ्यानं आधी दाखवलं होतं.

आता आमच्याकडे आरटीएल-एसडीआरचे चार डाँगल (कॉम्प्युटरला जोडायचे रेडिओ रिसीव्हर) आहेत. मुळात टीव्ही बघण्यासाठी बनवलेली चीज, आत आरटीएल २८३२यू ही चिप, सॅम्पल आठच बिटांचे, पण सेकंदाला चोवीस लाख. ग्नू रेडिओ या सॉफ्टवेअरमध्ये एफएम स्टेशन लावलं की मुलांना आधी गाणंच ऐकायचं असतं, ते ऐकू द्यावं. मग स्पेक्ट्रम दाखवायचा. गाण्याच्या वर १९ किलोहर्ट्झला पायलट या खुणेच्या सुराची उभी सुई आणि त्याच्या तिप्पट, ५७ किलोहर्ट्झला, आरडीएसचा (गाण्यासोबत जाणाऱ्या डेटाचा) छोटासा उंचवटा. सेकंदाला ११८७.५ बिट, तेही डिफरेन्शियल एन्कोडिंग करून. गाडीच्या रेडिओवर स्टेशनचं नाव येतं ते इथून. नाव आठ अक्षरांचं आणि एका वेळी दोनच अक्षरं येतात. अँटेना खिडकीशी धरून उभा असलेला मुलगा जरा हलला की मधलीच जोडी गायब व्हायची, "हलू नकोस!" असा ओरडा व्हायचा आणि पुढच्या सेकंदाला ती जोडी जागेवर बसायची. प्रत्येक २६ बिटांच्या ठोकळ्यातले दहा बिट निव्वळ तपासणीसाठी का खर्च केले, हे तिथं सांगावं लागत नाही.

सगळं गोड झालं असं नाही. एका वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी "हे सगळं ठीक आहे, पण प्रॅक्टिकल कुठाय?" म्हणून किट मांडायला लावले. मुलांनी मुकाट्यानं वायरी जोडल्या. ज्यांच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नाही त्यांचा प्रश्न मला अजून नीट सुटलेला नाही. ती मुलं पाचनंतर लॅबमध्ये थांबतात आणि शेवटची एसटी सव्वासहाची.

गेल्या सत्रात हॅमिंग कोडचं प्रॅक्टिकल चालू होतं. सात बिटांत एक चूक झाली तर हा कोड ती शोधून दुरुस्त करतो. गॉसियन नॉइजच्या विखुरलेल्या चुकांवर तो छान चालतो. एका जोडीनं पेन्सिलच्या रकान्यात लिहिलं होतं, 'चुका गठ्ठ्यानं आल्या तर कोड हरेल, इंटरलीव्हिंग केलं तर वाचेल.' इंटरलीव्हिंग म्हणजे बिटांचा क्रम मिसळून पाठवणं, म्हणजे चुकांचा गठ्ठा पांगतो. अंदाज बरोबर होता. पण त्यांना गठ्ठा कोडमध्ये बनवायचा नव्हता, खरा हवा होता. कपाटातून एक जुना किट काढला, त्याचं ५ व्होल्टचं आउटपुट दोन रेझिस्टर लावून खाली आणलं, म्हणजे लॅपटॉपचा माइक जळू नये, आणि ती मुलगी मामांच्या टेबलाशी गेली.

"मामा, ती लाल टेपवाली वायर आहे का अजून?"

"ती खराब आहे."

"खराबच पाहिजे."

मामांनी ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला, तळातून वायर काढली, आधी रजिस्टरला तिची सही घेतली आणि मग स्वतःच येऊन किटशेजारी स्टूल घेऊन बसले. वायरचं एक टोक सॉकेटमध्ये घातलं, दुसरं चिमटीत धरलं आणि विचारलं, "हलवू किती जोरात?"